मंत्राचा प्रयोग नेमका कुठे फसतो? चमत्कार सादरीकरणात या चुका टाळा

राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर असो, शाळेतला विज्ञान दिन असो की पारावरचा कार्यक्रम, मराठवाड्यात चमत्कार सादरीकरण, म्हणजे बुवा-मांत्रिकांचे ‘चमत्कार’ करून दाखवून त्यामागची युक्ती उलगडणं, म्हटलं की क्रम ठरलेला. आधी मंत्राने अग्नी, मग लिंबातून रक्त, मग हातातून विभूती, शेवटी टाळ्या. प्रयोग जमतात, लोक खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावातला देवऋषी तेवढ्याच पैशांत उतारा काढून देतो. हात सफाईने चालला, पण प्रयोग त्या गावाचा नव्हता, एवढंच त्याचं कारण.

आधी चौकशी, मग पेटी

कार्यक्रमाच्या दोन तास आधी गावात पोचा. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, मुख्याध्यापक आणि किराणा दुकानदार या चौघांना एकच विचारा: गेल्या वर्षभरात लोक मांत्रिकाकडे कशासाठी गेले? कुणाच्या दारात टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं असेल, तर लिंबाचा प्रयोग घ्या. बोअरची जागा दाखवणाऱ्या पाणाड्यावर गावाचा पैसा जात असेल, तर नारळाची चाचणी घ्या. चोराचं नाव सांगणारा कुणी येत असेल, तर राखेतून नाव उमटवून दाखवा. ओल्या साबणाच्या तुकड्याने दंडावर नाव लिहून वाळवायचं आणि वरून राख चोळायची. साबणाच्या रेघांना राख धरते आणि नाव दिसतं. घाम आला की ते पुसट होतं, म्हणून हा प्रयोग सुरुवातीलाच उरकावा.

पाऊण तासात तीन प्रयोग पुरे. सात-आठ कोंबले की उलगड्याला वेळ उरत नाही, आणि उलगडा न केलेला प्रयोग म्हणजे मांत्रिकाची फुकट जाहिरात.

पहिली ते चौथीच्या मुलांसमोर आग नको, चुना नको. त्यांच्यासाठी तांब्या-तांदूळ उत्तम. अरुंद गळ्याचा तांब्या कच्च्या तांदळाने काठोकाठ भरायचा, तळ आपटून दाणे बसवायचे, वरून अंगठ्याने दाबायचे आणि सुरी वीस-पंचवीस वेळा खुपसून काढायची. दर वेळी दाणे घट्ट होतात आणि शेवटी सुरीला धरून अख्खा तांब्या उचलता येतो. पसरट तोंडाचं पातेलं घेतलं किंवा दाबायचा कंटाळा केला, तर सुरी नुसती निसटते.

करणीचं लिंबू

लिंबू कापलं की रक्त निघतं, म्हणजे घरावर करणी. असं सांगणारा बहुधा सुरीवर आधीच काम करून आलेला असतो. स्टीलच्या सुरीच्या पात्यावर लाल जास्वंदीच्या तीन-चार पाकळ्या रगडा आणि पातं सावलीत वाळू द्या. लिंबाचा आंबट रस लागताच तो रंग लालभडक होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं मिथिल ऑरेंज मिळालं तर रंग आणखी खुलतो. पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन थेंब पसरून वाळवले की झालं. मिथिल ऑरेंज तीव्र आम्लात, म्हणजे पीएच 3.1 च्या खाली लाल होतं, आणि लिंबाचा रस त्याहून आंबट असतो.

फसतं ते सुक्या, जाड सालीच्या लिंबामुळे. रस वाहिलाच नाही तर रक्त दिसणार कुठून? पातळ सालीचं रसदार कागदी लिंबू घ्या, तळहाताखाली दाबून लोळवा आणि एका दमात न कापता सुरी हळू ओढत कापा. लोखंडी विळी वापरू नका, जास्वंदीचा रंग तिच्यावर काळपट पडतो.

उलगडा करताना नुसतं ‘हे रसायन आहे’ म्हणून भागत नाही. त्याच लिंबावर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाका. मिथिल ऑरेंजचं रक्त पिवळं पडतं, जास्वंदीचं हिरवट होतं. रक्त कधी पिवळं-हिरवं होत नाही, हे मग कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हळदीचं कुंकू

भाविकाने आणलेलं हळदीचं पाणी बुवाच्या तळहाताला लागताच लाल होतं. तळहाताला चुन्याची निवळी लावलेली असते. सुपारीएवढा खाण्याचा चुना पेलाभर पाण्यात कालवा, तासभर निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्या.

इथे तीन चुका नेहमीच्या. दाट चुना लावला की हात पांढरा दिसतो आणि पहिल्या रांगेतली आजीबाईच ‘चुना लावलाय’ म्हणून मोकळी होते. दुसरी, निवळी आदल्या दिवशी करून ठेवणं. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून तिच्यावर साय धरते आणि जोर जातो. हाताला लावल्यावरही फार वेळ थांबू नका. तिसरी चूक म्हणजे चुन्याऐवजी खाण्याचा सोडा. तो पुरेसा अल्कधर्मी नसतो, त्यामुळे रंग जेमतेम नारिंगी होतो. धुण्याचा सोडा चालतो. चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून मुलांच्या हाती निवळी देऊ नका.

उलगड्याला लग्नातला हळदीचा डाग आठवून द्या. साबण लागला की तो लाल होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईने पाहिलेलं असतं.

मंत्राने अग्नी: सगळ्यात लाडका आणि सगळ्यात जास्त फसणारा

आमच्या मते हा प्रयोग गरजेपेक्षा जास्त दाखवला जातो. पण दाखवायचाच तर नीट दाखवा. होमकुंडात ठेवलेलं असतं पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकायचं जांभळं औषध. वरून सोडलेलं ‘तूप’ असतं ग्लिसरीन. परमँगनेट ग्लिसरीनचं ज्वलन करतं, उष्णता साठत जाते आणि जांभळट ज्योत उठते.

स्टीलच्या ताटात दोन बोटं वाळू पसरा. मधोमध चहाचा पाऊण चमचा परमँगनेटची कोरडी पूड ठेवा, चमच्याच्या दांड्याने तिला खळगा करा आणि भोवती वाळक्या काड्या रचा. खळग्यात ग्लिसरीनचे पंधरा-वीस थेंब सोडा आणि दोन पावलं मागे सरा. प्रमाण वाढवून प्रयोग जास्त चांगला होत नाही, फक्त भुवया जळतात. दोन्ही पदार्थ आधी एकत्र कालवून आणू नका, एकत्र कुटायचं तर नावही काढू नका.

न पेटण्याची कारणं बहुधा अशी. मेडिकलमधून आणलेल्या बाटलीत गुलाबपाणी मिसळलेलं ग्लिसरीन असतं, ते पेटत नाही. लेबल वाचून शुद्ध ग्लिसरीन घ्या. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि थंड पडतं. परमँगनेटचे मोठे खडे असतील तर उशीर लागतो, बारीक पूड लवकर पेटते. आणि हवामान! मे महिन्यात नांदेड-परभणीकडे दुपारी पारा बेचाळीसवर असताना काही सेकंदांत भडका होतो. परभणीच्या डिसेंबरातल्या सकाळी हेच मिश्रण मिनिटभर, कधी त्याहून जास्त, नुसतं बसून राहतं.

खरा अपघात इथेच होतो. पेटलं नाही असं वाटून सादर करणारा वाकतो, फुंकर घालतो किंवा आणखी ग्लिसरीन ओततो, आणि नेमकी तेव्हाच ज्वाळा तोंडावर येते. न पेटल्यास तीन मिनिटं घड्याळ लावून थांबा. तरीही काही झालं नाही, तर लांबूनच तांब्याभर पाणी ओता आणि पुढच्या प्रयोगाकडे वळा. थंडीत ग्लिसरीनची बाटली आधी उन्हात ठेवली की हा प्रश्न बराच मिटतो.

जागाही बघा. कडब्याची गंजी, सोयाबीनचं भुसकट, मांडवाचं कापड यांच्या आसपास हा प्रयोग करायचाच नाही. वारा असेल तर रद्द करा.

या विलंबातच मंत्राचं गुपित आहे. बुवाचा मंत्र लांबलचक असतो तो रसायन तापेपर्यंतचा वेळ काढायला. म्हणून उलगड्यात दुसऱ्यांदा प्रयोग करताना मंत्र म्हणूच नका, सातवीतल्या एखाद्या पोराला सतराचा पाढा म्हणायला लावा. सतरा पाचे पंच्याऐंशीच्या आसपास ज्वाळा उठली की सभा हसते आणि मंत्राचा दरारा तिथेच संपतो.

नारळाच्या शेंडीत सोडियम धातू लपवून पाणी शिंपडण्याचा प्रकार काही जण अजून करतात. तो सोडून द्या. सोडियमचे पेटते कण उडतात आणि उरलेला कॉस्टिक सोडा डोळ्याला घातक असतो. जिभेवर जळता कापूर धरणंही मुलांसमोर नको, कारण मुलं घरी जाऊन करून बघतात. कापूर गिळला गेला तर झटके येऊ शकतात, आणि लहान मुलाच्या बाबतीत एक ग्रॅमही जिवावर बेतू शकतो.

विभूती

कापडातून चाळलेली राख भाताच्या पेजेत मळून सुपारीएवढी गोळी करा, दिवसभर सावलीत वाळवा आणि अंगठ्याच्या बेचक्यात धरा. पेज जास्त झाली तर गोळी चुरडत नाही, कमी पडली तर आधीच सांडते. उन्हाळ्यात घामाने ती विरघळते, म्हणून हात कोरडे करून ऐन वेळी घ्या. एखाद्या देवस्थानाचा अंगारा या प्रयोगाला वापरू नका. आराधी, पोतराज, अंगात येणं यांच्या नकलाही नकोत. लोक दुखावले की पुढचं ऐकत नाहीत.

पाणाड्याचा नारळ

इथे मंत्रापेक्षा स्नायूंचा खेळ असतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ पाण्याच्या जागी उभा राहतो किंवा कडुनिंबाची दुबेळकी काठी वळते, ती हाताच्या नकळत झालेल्या बारीक हालचालीने. पाणाड्या बहुतेक वेळा लबाड नसतो, त्याला खरंच तसं जाणवतं. त्यामुळे त्याला भोंदू म्हणणं ही मोठी चूक. गावही त्याच्याच बाजूने उभं राहतं.

आधी साधी चाचणी घ्या. ज्या जागी हातावर नारळ उभा राहिला, त्याच जागी तो पाटावर आडवा ठेवा. पाटावर तो उठत नाही. मग एकसारख्या दहा बादल्या झाकून मांडा. एकीत पाणी, बाकीच्यांत तेवढ्याच वजनाची वाळू. ज्याने पाणी भरलं त्याला तिथून लांब पाठवा, नाहीतर त्याच्या नजरेवरून अंदाज लागतो. आधी उघड्या बादल्यांवर करून घ्या. तिथे नारळ हमखास उठतो, आणि पाणाड्या स्वतःच म्हणतो की पद्धत चालते आहे. मग झाकलेल्या बादल्या. एकदा बरोबर येण्याची शक्यता दहात एक असते, म्हणून एका यशावर निकाल देऊ नका. सलग तीनदा बरोबर यायची शक्यता हजारात एक.

‘बादलीतलं पाणी वेगळं, जमिनीतलं वेगळं’ हा आक्षेप येणारच. तो चाचणीआधीच विचारून घ्या आणि बादली चालेल हे पाणाड्याकडून लोकांसमोर वदवून घ्या. शिवाय आपल्याकडचा काळा बेसाल्ट खडक सांगा. पाणी त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत असतं, म्हणून अंदाजाने खोदलेल्या बोअरलाही अनेकदा लागतं. लागलेली बोअर गावाच्या तोंडी राहते, कोरडी फक्त कर्ज काढलेल्याच्या. जागेसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करायला सांगा.

जिथे प्रयोग करायचाच नाही

साप. मंत्राने विष उतरवण्याचं नाटक उलगड्यासाठीसुद्धा करू नका. लोकांच्या डोक्यात उतरलेलं विष राहतं, उलगडा नाही. इथे फक्त बोला. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही. मांत्रिकाचं यश एवढ्यावरच उभं असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविष हाच उपाय. 108 ला फोन, चावलेला अवयव न हलवता दवाखाना. कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. जिवंत साप घेऊन कार्यक्रम करणं वन्यजीव कायद्यातही बसत नाही.

भानामती. अंगावर उमटणाऱ्या फुल्या, घरावर पडणारे दगड, पेटणारे कपडे. लातूर, नांदेड, बीडकडे हा विषय नाजूक आहे. फुल्या बहुधा बिब्ब्याच्या तेलाच्या असतात. तेल लागल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी उठते, म्हणून ‘कुणी हातही लावला नाही’ असं घरच्यांना वाटतं. ते दाखवायला स्वतःच्या किंवा कुणाच्या अंगावर बिब्बा लावू नका, व्रण राहतात. त्याहून वाईट चूक म्हणजे ‘हे घरातलंच कुणीतरी करतंय’ असं सभेत जाहीर करणं. करणारी व्यक्ती बहुतेकदा घरातली दबलेली सून किंवा पोर असते. घरच्यांशी स्वतंत्र बोला, जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचा पत्ता द्या, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या.

कायदा आणि आवराआवर

प्रत्येक प्रयोगाचा उलगडा त्याच वेळी करा आणि पुन्हा गावातल्याच माणसाकडून करून घ्या. शेवटी एकदम सांगू म्हटलं की निम्मे लोक जेवायला गेलेले असतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि फसवणं, तसंच साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. वारी, कीर्तन, भजन, घरची पूजा यांना हा कायदा हात लावत नाही, हे आवर्जून सांगा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. व्यासपीठावर पाकीट स्वीकारू नका.

उरलेली परमँगनेटची पूड आणि ग्लिसरीन दोन वेगळ्या डब्यांत, वेगळ्या पिशव्यांत ठेवा. ताटातली राख पाणी टाकून पूर्ण थंड झाल्यावरच ओता. हाताला पडलेले तपकिरी डाग लिंबाच्या रसाने निघतात. मात्र त्यासाठी नवं लिंबू कापा, करणीच्या प्रयोगातल्या लिंबाला मिथिल ऑरेंज लागलेलं असतं. ते लिंबू सरबताच्या घागरीपर्यंत पोचणार नाही, याचीही काळजी घ्या.