नोह पाहताना नजर कुठे ठेवावी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जपानला आलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना नाटकाची किंवा गाण्याची ओढ असते, ती बहुतेक सगळी पहिल्या वर्षभरात एकदा तरी नोह हे जपानचे पारंपरिक मुखवटानाट्य पाहायला जातात आणि त्यांतली बरीचशी दुसऱ्यांदा त्या दाराकडे फिरकत नाहीत. दुसऱ्यांदा जावे की नाही या विचारात असलेल्यांसाठी मी हे लिहीत आहे. काबुकी आणि नोह यांतला फरक, मुखवटा घालणारा मुख्य नट म्हणजे शिते, त्याला प्रश्न विचारून बोलते करणारा वाकी, प्रयोगांच्या मध्ये येणारे हलकेफुलके क्योगेन, ही प्राथमिक माहिती तुम्ही कुठेतरी वाचलेली असणार असे गृहीत धरते. चौदाव्या शतकात कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी या नाट्याला घडवले आणि २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली, हेही माहितीपत्रकात असतेच. ही माहिती खरी असली तरी प्रत्यक्ष प्रयोगाला बसल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही.

उपयोगी पडेल अशी गोष्ट एकच आहे आणि ती थोडी सविस्तर सांगावी लागेल. टोकियोच्या सेंदागाया भागात १९८३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नोह नाट्यगृह आहे. तिथे पुढच्या खुर्चीच्या पाठीवर लहानसा पडदा असतो आणि त्यावर संहिता जपानी व इंग्रजी भाषेत उमटत राहते. सोय उत्तम आहे, पण नवख्या प्रेक्षकाचा घात बहुधा याच सोयीपाशी होतो. मीही बराच काळ त्यातच अडकले होते आणि नोह मुळातच कंटाळवाणे आहे असे ठामपणे म्हणत होते.

झेआमीच्या ‘इझुत्सु’चे उदाहरण घेऊ. एक फिरस्ता भिक्षू यामातो प्रांतातल्या, म्हणजे आजच्या नारा परिसरातल्या, एका जुन्या मंदिरापाशी थांबतो. विहिरीचे पाणी काढून एका थडग्यावर वाहणारी गावातली बाई त्याला भेटते आणि आपण कवी नारिहिराची पत्नी असल्याचे सूचित करून नाहीशी होते. उत्तरार्धात ती नारिहिराची टोपी व अंगरखा घालून येते, नाचते, विहिरीत डोकावते आणि पहाट होते. कथानक इतकेच आहे. संहिता सावकाश वाचली तरी अर्ध्या तासाच्या आत संपते, प्रयोगाला मात्र दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. पडद्यावरचे शब्द वाचून झाले की उरलेल्या वेळाचे काय करायचे हे कोणी सांगत नाही आणि अर्थ तर कळला, मग अजून हे चालले आहे कशासाठी, असा वैताग मनात साचू लागतो.

वाचणाऱ्या मनाला पुढे काय होणार असे विचारण्याची सवय असते. ‘इझुत्सु’मध्ये पुढे काही व्हायचे उरलेलेच नसते, कारण जे घडायचे ते सगळे पडदा उचलण्याच्या कितीतरी आधी घडून गेलेले असते आणि रंगमंचावर दिसते ते केवळ त्याचे आठवणे असते. पूर्वार्धात ‘कुसे’ नावाचा भाग येतो. शिते रंगमंचाच्या मध्यभागी खाली बसतो आणि उजवीकडे ओळीने बसलेले, बहुधा आठ जणांचे गायकवृंद दोन मुलांची गोष्ट गाऊ लागते: विहिरीच्या कठड्याशी खेळणारी, कठड्याशी उंची मोजणारी, मोठी झाल्यावर एकमेकांना लाजणारी आणि अखेर कवितेतून मनातले सांगणारी. एवढा वेळ शिते जवळजवळ हलतच नाही. पडद्यावर नजर ठेवणाऱ्याला ही गोष्ट झरझर वाचायला मिळते, मग तो मान वर करतो, माणूस तसाच बसलेला पाहतो आणि काहीच घडत नाही असा निष्कर्ष काढतो. उत्तरार्धात तीच बाई लव्हाळ्यासारखे सुसुकी गवत बाजूला सारून विहिरीत वाकून पाहते आणि तिला पाण्यात स्वतःच्या चेहऱ्याऐवजी नवऱ्याचा चेहरा दिसतो. हा क्षण अगदी थोडका असतो. मुखवटा किंचित खाली झुकला की त्यावर सावली उतरते, वर उचलला की उजेड येतो आणि सगळा अभिनय तेवढ्या फरकात सामावलेला असतो. नेमक्या त्या वेळी तुम्ही दोन ओळींचे भाषांतर वाचत असाल, तर ज्यासाठी तिकीट काढले ते तुमच्या डोळ्यांसमोरून निघून गेलेले असते.

म्हणून माझा सल्ला असा, की भाषांतर आदल्या रात्री घरी वाचावे, पूर्ण वाचावे, आणि नाट्यगृहात खुर्चीवरचा पडदा बंद ठेवावा. शिवाय मूळ जपानीतल्या एकाच उताऱ्याच्या पाच-सात ओळी, शक्यतो कुसेच्याच, वहीत उतरवून घ्याव्यात. त्या ‘उताईबोन’मधून घ्याव्यात; उताईबोन म्हणजे गायनाच्या खुणांसह छापलेली संहिता. टोकियोतल्या जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तिच्या जुन्या प्रती स्वस्तात मिळतात. या ओळी देवनागरीत लिहिल्या तर ऱ्हस्व-दीर्घ स्वर हाताखालून जातात आणि प्रयोगात त्या ओळी आल्या की कान आपोआप त्यांना पकडतो. एवढी एक खुंटी मिळाली की आजूबाजूचे बरेच काही दिसू लागते. हा खटाटोप शाळकरी वाटेल, वाटू द्या.

मराठी श्रोत्याची एक बाजू इथे भक्कम असते. विलंबित ख्याल ऐकताना आपण बंदिशीच्या दोन ओळींत पुढे काय होणार असे विचारत नाही, त्याच ओळी किती अंगांनी उलगडतात ते ऐकतो. नोहचे गायनही तसेच ऐकावे. संहितेतले सात आणि पाच अक्षरांचे चरण आठ मात्रांवर पसरलेले असतात. खांद्यावर धरलेला लहान ढोल कोत्सुझुमी आणि मांडीवर धरलेला ढोल ओत्सुझुमी यांचे वादक थापांच्या आधी ‘यो’, ‘हो’ अशा दीर्घ हाका देतात. सुरुवातीला त्या हाका कानाला खुपतात, पण त्यांच्यामुळेच वादकांना आणि गायकांना आपण आवर्तनात कुठे आहोत हे कळत असते. मात्रा समान अंतरावर पडतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण त्या ताणल्या जातात, आवळल्या जातात आणि हाताने ताल धरणारा प्रेक्षक लवकरच चुकतो.

झोप येईल. हे स्पष्टच सांगते, कारण या विषयावर लिहिणारे लोक ते लपवतात आणि नवखा माणूस आपल्यातच काही उणे आहे असे समजतो. शेजारचे वयस्कर जपानी गृहस्थही डुलक्या घेत असतात आणि बासरीच्या तीक्ष्ण स्वरासरशी जागे होतात. त्याने काही बिघडत नाही. खुर्चीत घोरणे, मोबाइल पाहणे आणि शेवटच्या स्वरानंतर लगेच टाळ्यांचा कडकडाट करणे, हे तेवढे टाळावे.

पहिला प्रयोग कोणता पाहावा, याबाबत माझे मत बहुतेकांना पटत नाही. सगळे ‘त्सुचिगुमो’ सुचवतात, कारण त्यात कोळ्याचे भूत कागदी जाळ्याचे धागे हवेत फेकते आणि सगळे खूश होतात. मला हा जवळचा रस्ता वाटतच नाही. त्याने नोह समजले असा भ्रम होतो आणि पुढच्या प्रयोगात धागे नसले की प्रेक्षक दुप्पट निराश होतो. त्याऐवजी झेआमीचा मुलगा मोतोमासा याने लिहिलेले ‘सुमिदागावा’ पाहावे. हरवलेल्या मुलाला शोधत क्योतोहून पूर्वेला आलेली आई नदी ओलांडताना नावाड्याच्या तोंडून ऐकते, की पलीकडच्या तीरावरचा मातीचा ढिगारा तिच्याच मुलाचे थडगे आहे. शेवटी ढिगाऱ्यातून मुलाचा आवाज येतो. मुलाला प्रत्यक्ष रंगमंचावर आणू नये, असे झेआमीचे मत होते. मोतोमासाने मुलाशिवाय आपल्याला ते जमणार नाही असे म्हटल्याची नोंद आहे. तो मुलगा दिसायला हवा होता की नको, हे पाहताना स्वतः ठरवा. आईचे दुःख समजायला कोणतेही टिपण लागत नाही, त्यामुळे नजर मोकळी राहते.

जागांविषयी थोडक्यात सांगते. समोरची बाजू महाग असते. रंगमंचाच्या कोपऱ्यासमोरच्या जागा स्वस्त असतात, कारण तिथे खांब आड येतो. पण मुखवट्याच्या बारीक छिद्रांतून पाहणारा नट त्याच खांबावरून स्वतःची जागा ओळखतो, म्हणून त्याबद्दल तक्रार करू नये. मला बाजूच्या जागा आवडतात, कारण हाशिगाकारी नावाच्या लांब पुलावरून येणारे पात्र तिथून अगदी जवळून दिसते. एकाच नाटकाचे प्रयोग ओळीने होत नाहीत. एक संच बहुधा एकदाच उभा राहतो. त्यामुळे चुकलेला प्रयोग पुढच्या आठवड्यात पाहता येईल, ही आशा सोडावी. कान्झे, होशो, कोम्पारू, कोंगो आणि किता या शितेंच्या पाच परंपरांपैकी दुसऱ्या कोणाकडे तेच नाटक लागते का, यावर मात्र लक्ष ठेवावे.

स्वतः शिकायचे असेल तर दोन तासांच्या अनुभववर्गावर थांबू नका. तिथे पांढरे ताबी मोजे घालून रंगमंचावर उभे राहता येते आणि मुखवट्यातून किती कमी दिसते ते कळते, म्हणून एकदा जरूर जा. पण त्याला शिक्षण म्हणू नका. गुरूच्या बाबतीत माझा कल स्पष्ट आहे: जो परदेशी शिष्यासमोर शून्यतेवर आणि मौनावर प्रवचन देतो, त्याच्यापेक्षा जो एक ओळ म्हणतो, तुमच्याकडून तीच म्हणवून घेतो आणि ‘पुन्हा’ एवढेच बोलतो, तो चांगला. कान्झे परंपरेत सुरुवात बहुधा ‘त्सुरुकामे’ या नाटकाच्या गायनाने होते. पाय मुडपून बसल्यावर मुंग्या येतील, उठताना तोल जाईल, आवाज पोटातून निघणार नाही आणि कित्येक महिने हे असेच चालेल. तरीही पुढच्या प्रयोगात गायकवृंद ती ओळ उचलेल तेव्हा श्वास कुठे घेतला जातो ते तुम्हाला नेमके कळेल.

पैशांचा विषय मात्र आधीच काढा. दरमहाचे शुल्क झेपण्यासारखे असते, पण शिष्यांच्या वार्षिक सादरीकरणात व्यावसायिक वादक साथीला असतील तर त्यांचे मानधन शिष्यांनाच भरावे लागते आणि ती रक्कम ऐकून नवखे लोक गारठतात. या सादरीकरणाचा खर्च एकूण किती येतो, भाग घेणे सक्तीचे आहे का आणि नुसते बैठे गायन केले तर चालेल का, हे पहिल्याच महिन्यात नम्रपणे विचारावे. जपानमध्ये असे विचारणे उद्धटपणाचे ठरेल अशी भीती बाळगू नये. चांगले गुरू या प्रश्नाला सरळ उत्तर देतात. प्रेक्षक म्हणून अशा सादरीकरणांना बहुधा तिकीट नसते, तेव्हा नाव नोंदवण्यापूर्वी त्या गुरूच्या शिष्यांचे एखादे सादरीकरण जाऊन ऐकावे.