कपडे शिवायला टाकताना या चुका टाळा: माप कापडावर ठरतं

नवा शर्ट पहिल्या दिवशी अगदी मापात बसतो. दोन-तीन धुण्यांनंतर कॉलरचं बटण ओढून लावावं लागतं, बाही मनगटाच्या वर सरकते आणि सगळा दोष टेलरच्या माथी जातो. टेलरने माप बहुतेक वेळा बरोबर घेतलेलं असतं. फक्त ते घेताना समोर कोणतं कापड आहे, याचा विचार कोणी केलेला नसतो. कापड एका दिवशी घ्यायचं, माप दुसऱ्या दिवशी द्यायचं आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही असं धरून चालायचं, ही मूळ चूक आहे. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

छाती ४० इंच असलेल्या माणसाचंच उदाहरण घ्या. लिनन ताणलं जात नाही, त्यामुळे त्याच्या लिननच्या शर्टाचा घेर ४५-४६ इंच ठेवला तर हात मोकळे हलतात. थोडा लायक्रा (ताणला जाणारा धागा) असलेल्या सुती कापडात तोच शर्ट ४३ इंचातही चालतो. अंग तेच, पण तयार शर्टात दोन-तीन इंचांचा फरक पडतो. म्हणून माप देताना कापड हातात असू द्या आणि टेलरला ते चोळून, ओढून पाहू द्या.

कापड न आटवता कापायला देणं

सुती आणि लिनन कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि ते बहुधा उभ्या धाग्याच्या दिशेने जास्त आटतं. ३ टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण २५ इंचांच्या बाहीत तो पाऊण इंच होतो आणि १६ इंचांच्या कॉलरमध्ये जवळजवळ अर्धा इंच. गळ्याला जेमतेम अर्धा इंचच सैल ठेवलेलं असतं, म्हणजे सगळी सूट तिथेच संपली.

कापड किती आटेल हे घरी पाहता येतं. कापडाच्या एका टोकाला ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन दोऱ्याने आखून घ्या. नेहमी धुता तसं ते धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. एक बाजू ४८.५ भरली तर कापड ३ टक्के आटलं. त्याहून सोपं म्हणजे सगळं कापड एकदा धुऊनच टेलरकडे नेणं. लोकरीचं सुटिंग मात्र घरी भिजवू नका. ते कापण्याआधी वाफेची इस्त्री मारून घेण्याचं काम टेलरचं आहे, पण तसं केलं का हे विचारा. कॉलर आणि कफच्या आतलं अस्तरही विसरू नका. बाहेरचं कापड आटलेलं आणि आतलं न आटलेलं असलं, किंवा चिकटवणारं अस्तर नीट बसलेलं नसलं, की कॉलरवर फुगे येतात, आणि ते इस्त्रीने जात नाहीत.

अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांची गल्लत

स्वतः माप लिहून पाठवणाऱ्यांची ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. आवडता शर्ट टेबलावर पसरून काखेखाली मोजला, २२ इंच भरला, दुप्पट करून ‘छाती ४४’ असं लिहिलं. समोरचा माणूस ते अंगाचं माप समजतो, त्यात चार इंच सूट वाढवतो आणि ४८ इंचांचा ढगळ शर्ट तयार होतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी ‘अंगावरून’ किंवा ‘तयार कपड्यावरून’ असं लिहा. जुना कपडा नमुना म्हणून देत असाल तर तो कोणत्या कापडाचा आहे आणि किती धुतलेला आहे हेही सांगा.

माप द्यायला उभं राहताना छाती फुगवू नका, पोट आत ओढू नका. खिशातलं पाकीट आणि मोबाइल आधी काढून ठेवा. जाड जीन्सवरून सीटचं माप घेतलं तर ते इंचभर जास्त येऊ शकतं. पँटची लांबी घेताना जे बूट त्या पँटवर घालणार तेच पायात हवेत. कंबर म्हणजे पट्टा खरोखर जिथे बांधता ती जागा. ती बेंबीजवळ असेल किंवा दोन इंच खाली असेल, पण टेलरला बोट ठेवून दाखवा.

दोन्ही हात वेगवेगळे मोजायला सांगा. लांबीत किंवा खांद्याच्या उतारात थोडा फरक पुष्कळांच्या अंगात असतो. मनगटी घड्याळ घालत असाल तर त्या बाजूचा कफ अर्धा इंच मोठा ठेवावा लागतो. पोट पुढे असेल तर पुढची लांबी मागच्या लांबीपेक्षा वेगळी घ्यायला हवी, नाहीतर शर्टाचा किंवा कोटाचा पुढचा काठ वर उचलला जातो. पाठ वाकलेली असेल तर हेच उलट, मागच्या बाजूला होतं.

मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा, हा गैरसमज

मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा घेर. इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण बहुतेकांची समजूत नेमकी उलटी असते. हात वर केल्यावर शर्ट पँटमधून सुटून येतो किंवा कोटाची सगळी पुढची बाजू वर चढते. माणूस म्हणतो, ‘काखेत आणखी सैल करा.’ टेलर मुंढा आणखी खोल कापतो आणि त्रास वाढतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही बाजूच्या शिलाईला खालून धरून ठेवते आणि हात उचलला की सगळा कपडा सोबत येतो. मुंढा काखेच्या जवळ, पण न बोचणारा असला की बाही स्वतंत्रपणे हलते. ट्रायलच्या वेळी दोन्ही हात समोर धरा, मग वर करा, आणि कपडा किती सरकतो ते आरशात बघा.

खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकाशीच संपायला हवी. कोटात कंबर, लांबी, बाही नंतर दुरुस्त होतात. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही आणि कॉलर उसवून जवळजवळ नव्याने शिवणं आलं.

सुरकुत्या काय सांगतात

सुरकुती दिसली की ‘इस्त्री केली की जाईल’ असं उत्तर ऐकून परत येऊ नका. पोटावरच्या बटणापासून चारही बाजूंना रेघा फाकल्या असतील तर तिथे कपडा तंग आहे. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळी पडत असेल तर तुमचे खांदे कापलेल्या उतारापेक्षा सरळ आहेत. मानेपासून काखेकडे तिरक्या चुण्या येत असतील तर ते जास्त उतरते आहेत. पँटच्या बाजूच्या खिशांची तोंडं उघडी राहत असतील तर सीट कमी पडली आहे. बसल्यावर पँट मागून खाली उतरत असेल तर मागचं आसन (कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची लांबी) आखूड आहे, पट्टा कितीही आवळला तरी फरक पडणार नाही. आणि धुतल्यावर पायाची शिलाई वळून पुढे येत असेल, तर कापताना उभा धागा सरळ धरला नव्हता. ही शेवटची चूक दुरुस्त होत नाही.

आकड्याला भुलून कापड घेणं

लोकरीच्या सुटिंगच्या काठावर सुपर १००, १२०, १५० असे आकडे असतात. ते तंतूची बारीकी सांगतात: सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १५० म्हणजे १६.२५. तंतू जितका बारीक तितकं कापड मऊ, पण तितकंच नाजूक. रोज ऑफिसला घालायच्या पँटला सुपर १५० घेतलं तर ती बैठकीत आणि मांडीत लवकर विरते. त्या कामाला सुपर १०० किंवा ११०, मीटरला साधारण २६० ते २८० ग्रॅम वजनाचं कापड कितीतरी चांगलं.

पातळ म्हणजे थंड, हेही खरं नाही. दाट विणीचं पातळ पॉलिस्टर घाम अडवतं. मोकळ्या विणीच्या, थोड्या जड लोकरीतून हवा खेळते आणि तिचा फॉलही चांगला पडतो. अशा कोटाला आतून पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर लावलं तर कापडाचा उपयोग संपला. व्हिस्कोसचं किंवा अर्धंच अस्तर मागा.

दुकानात कापडाचं टोक मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडा, चुण्या किती राहतात ते दिसतं. शर्टाचं कापड उजेडासमोर धरून आरपार दिसतं का पाहा. रंग मात्र दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात पाहूनच ठरवा.

चौकडा मोठा असेल तर पाव ते अर्धा मीटर कापड जास्त घ्या, नाहीतर खिसा, बटणपट्टी आणि बाजूच्या शिलाईवर रेघा जुळणार नाहीत. कॉर्डरॉय आणि मखमलीलाही जास्त लागतं. त्यांची लव एकाच दिशेने ठेवून सगळे भाग कापावे लागतात. एक पाय उलटा कापला तर तो दुसऱ्यापेक्षा गडद दिसतो.

कोट असेल तर कच्च्या शिलाईवरची ट्रायल सोडू नका, आणि तिला त्याच शर्ट-बुटात जा, जे त्या कोटाबरोबर घालणार आहात. पँटच्या मागच्या मधल्या शिलाईत दोन्ही बाजूंना निदान एकेक इंच आणि खालच्या दुमडीत दोन इंच दाब (शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड) ठेवायला आधीच सांगा. वजन वाढलं तर तेवढं कापड कामाला येतं. कापून टाकलेलं परत जोडता येत नाही. वजनात चार-पाच किलोंचा फरक पडला असेल, तर जुन्या वहीतल्या मापावर नवा कपडा टाकू नका, पुन्हा टेप लावून घ्या.