डोकं दुखतंय ना? आधी मान बघा, मग घड्याळ

"कुठे दुखतंय?" विचारलं की लहान पोर अख्खा तळहात कपाळावर ठेवतं आणि म्हणतं, "इथे सगळीकडे." ठणकतंय, आवळल्यासारखं होतंय, टोचतंय असं मोठ्यांसारखं त्याला सांगता येत नाही, आणि आपण लगेच दोनच प्रश्न विचारतो, मोबाइल किती वेळ बघितलास आणि शाळा बुडवायचीये का. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलांसोबतच काम करते, पण माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळेस मी पण पहिले तीन आठवडे हेच दोन प्रश्न विचारत बसले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या माना तपासायच्या आणि घरी आल्यावर आपल्या पोराची मान दिसत नाही, अशी गत.

तर हे सगळं त्या अनुभवातून आणि कामातून. पण व्यायामाकडे यायच्या आधी एक गोष्ट, ही सोडून पुढे जाऊ नका.

काही डोकेदुख्या घरी बघायच्या नसतातच. अचानक, आयुष्यात कधी नाही इतकं जोरात दुखायला लागलं, तापासोबत मान कडक झाली, डोक्याला मार लागल्यानंतर दुखायला लागलं, दुखण्यासोबत फिट आली, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला, मूल ग्लानीत आहे असं वाटलं, तर सरळ इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट बघायची नाही. दुखण्याने मूल झोपेतून उठतंय, सकाळी उठल्या उठल्या दुखतंय आणि उलटी होतेय, खोकलं किंवा वाकलं की दुखणं वाढतंय, चालताना तोल जातोय, एकाचे दोन दिसतायत, आठवड्यागणिक दुखणं वाढतच चाललंय, किंवा मूल 5-6 वर्षांपेक्षा लहान आहे, तर आधी बालरोगतज्ज्ञ, लगेच. फिजिओ नंतर. चांगला फिजिओ तुम्हाला हेच प्रश्न पहिल्याच भेटीत विचारेल, नाही विचारले तर मला ते जरा खटकेल.

बाकीची जी नेहमीची डोकेदुखी असते ती बहुतेक वेळा दोन प्रकारची. एक टेन्शन टाइप, यात दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं दुखतं, पण मूल चालतं बोलतं, खेळायला बोलावलं तर जाईलही. दुसरी मायग्रेन, यात मूल खेळ टाकून आडवं होतं, लाइट नको, आवाज नको, मळमळ, कधी उलटी, आणि झोप लागली की बरेचदा उठल्यावर एकदम फ्रेश. मोठ्यांचं बरेचदा अर्धंच डोकं दुखतं म्हणून आपण अर्धशिशी म्हणतो, पण मुलांमध्ये मायग्रेन बरेचदा दोन्हीकडे, कपाळावरच असतो, आणि कमी वेळ टिकतो, 2 तासांतही संपू शकतो. त्यामुळे "अर्धं नाही दुखत म्हणजे मायग्रेन नाही" हा हिशोब मुलांना लागू पडत नाही.

आता मान कुठून आली मध्येच? कवटीच्या बुडाशी, जिथे मान संपून डोकं सुरू होतं तिथे, दोन्ही बाजूंना 4-4 छोटे स्नायू असतात, आणि मानेच्या वरच्या 3 नसांकडून येणारे दुखण्याचे निरोप आणि चेहऱ्याच्या, कपाळाच्या नसेकडून येणारे निरोप मेंदूच्या खालच्या भागात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे आखडलंय मागे आणि दुखतंय कपाळात, असं होऊ शकतं. पोर खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तिथेच दुखत असतं. उलटंही होतं बरं का, मायग्रेनमध्ये मान दुखणं हे मायग्रेनचंच लक्षण असू शकतं, म्हणून मान मोकळी केली की मायग्रेन पळाला असं मी कुणाला सांगत नाही. टेन्शन टाइप आणि मानेतून येणाऱ्या दुखण्यात व्यायामाचा फायदा जास्त दिसतो, मायग्रेनमध्ये तो जोडीला चालतो.

पहिलं काम म्हणजे काहीही न बोलता बघायचं. मूल अभ्यासाला बसलं की लांबून 20 मिनिटं बघा, "सरळ बस" म्हणायचं नाही, म्हटलं की ते 2 मिनिटं ताठ बसतं आणि तुमचं निरीक्षण बोंबलतं. माझा मुलगा पलंगावर, भिंतीला पाठ, गुडघे वर, टॅब मांडीवर, हनुवटी छातीला टेकलेली, आणि खांदे कानापर्यंत चढलेले असा बसायचा, आणि गंमत म्हणजे अवघड गणित आलं की खांदे अजून वर. मागून मानेच्या वरच्या टोकाला दोन बोटांनी हलकंच दाबलं तर तो म्हणाला, "हां, हेच, हेच पुढे दुखतं." कपाळ दाखवत. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

बसायची जागा आधी सुधारा, व्यायाम नंतर, कारण दिवसाला 10 मिनिटं व्यायाम आणि 4 तास पोक काढून बसणं यात कोण जिंकणार हे सांगायला नको. पाय जमिनीवर टेकले पाहिजेत, नाही टेकत तर खाली स्टूल किंवा खोका. कोपर टेबलाच्या उंचीला. स्क्रीन वर उचला, डोकं खाली नेऊ नका, जाड पुस्तकांचा ढीग लावला तरी चालतं. आणि कितीही चांगलं बसलं तरी 25-30 मिनिटांनी उठायचंच, एक चक्कर मारून यायचं. एकच एक पोझिशन धरून ठेवणं वाईट, मग ती ताठ का असेना.

आता व्यायाम. चारच सांगते, जास्त दिले की मुलं एकही करत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा हनुवटी मागे सरकवायचा, आणि हाच सगळ्यात जास्त चुकतो. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, नजर समोर, आणि हनुवटी सरळ मागे न्यायची, खण बंद करतो तशी. मुलं काय करतात तर मान खाली घालतात, हनुवटी छातीकडे. म्हणून समोरच्या भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एक स्टिकर चिकटवा आणि सांगा की नजर स्टिकरवरून हलता कामा नये, हलली की ती खेप मोजायची नाही. बरोबर झालं की गळ्याखाली दुसरी हनुवटी तयार होते, मुलांना ते भयंकर विनोदी वाटतं, आरशासमोर "दोन हनुवट्या कर" म्हटलं की व्यायाम आपोआप होतो. 5 सेकंद धरायचं, 8-10 वेळा, जोर लावायचा नाही.

दुसरा, पाठीवरचे दोन फरे, म्हणजे खांद्यामागची सपाट हाडं, एकमेकांजवळ आणायचे, मधे पेन्सिल पकडायचीये असं समजून. खांदे वर न चढवता. 10 वेळा. तिसरा, खुर्चीवर बसून उजवा हात मांडीखाली दाबायचा आणि डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा, 15-20 सेकंद, दोन्ही बाजू 3-3 वेळा. दुसऱ्या हाताने डोकं ओढायचं नाही, आणि तुम्ही तर अजिबातच नाही. चौथा म्हणजे आराम आहे खरं तर, टॉवेलची गुंडाळी करून फऱ्यांच्या मधे आडवी ठेवायची, उताणं पडायचं, हात बाजूला पसरून 2-3 मिनिटं. माझ्या मुलाला हाच एक आवडतो कारण यात काहीच करायचं नसतं.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी अजून एक, एका मोज्यात दोन टेनिस बॉल घालून गाठ मारायची, उताणं झोपून ते कवटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना येतील असे ठेवायचे आणि डोक्याचं वजन सोडून द्यायचं, दोनेक मिनिटं. गळ्याच्या पुढे, बाजूला बॉल दाबत बसायचं नाही. यातलं काहीही करताना चक्कर आली, हाताला मुंग्या आल्या किंवा डोकं जास्त दुखलं तर थांबायचं आणि तपासून घ्यायचं. आणि मुलांच्या माना कडाकड मोडायला कुणाकडेही नेऊ नका, झटका देऊन मान फिरवणं मुलांमध्ये नकोच.

फिजिओकडे गेलात तर ते हलक्या हाताने स्नायू मोकळे करतील, मान कुठल्या बाजूला कमी वळते ते मोजतील, खोल स्नायूंची ताकद बघतील. पण आठवड्यातून एकदा टेबलावर पडून रिलॅक्स होणं आणि घरी शून्य, याचा फारसा उपयोग होत नाही, हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतेय.

श्वासाचं थोडक्यात: झोपून पोटावर एखादं सॉफ्ट टॉय ठेवायचं, नाकाने श्वास घेताना ते वर गेलं पाहिजे, 4 मोजेपर्यंत आत, 6 मोजेपर्यंत बाहेर, 5 मिनिटं. त्याच्या जोडीला मुठी 5 सेकंद घट्ट आवळून एकदम सोडायच्या, मग खांदे कानापर्यंत नेऊन सोडायचे, मग कपाळाला आठ्या घालून सोडायच्या. ही आवळून सोडायची पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली आणि ती अजूनही वापरतात. आपण आवळून बसलोय हेच मुलांना कळत नसतं, आवळून सोडलं की फरक कळतो.

आता घड्याळ, म्हणजे झोप, खाणं, पाणी या रोजच्या सवयी. याला कंटाळवाणं म्हणून सोडू नका, कारण 8 ते 17 वर्षांच्या मायग्रेनच्या मुलांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, 2017 मध्ये छापून आली, त्यात रोज घ्यायची दोन नेहमीची प्रतिबंधक औषधं आणि नुसती साखरेची गोळी यांची तुलना केली तर औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलीच नाहीत, उलट तिन्ही गटांत अर्ध्याहून जास्त मुलांची दुखणी निम्म्यावर आली. याचा अर्थ औषधं कधीच नकोत असा नाही, ते डॉक्टर ठरवतील, पण रोजच्या सवयींना दुय्यम समजायचं कारण नाही एवढं नक्की.

झोप: 6 ते 12 वर्षांना 9 ते 12 तास, 13 ते 18 ला 8 ते 10 तास. तासांइतकीच वेळ महत्त्वाची, सुट्टीच्या दिवशी पण उठायच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक नको, सुट्टीला दुपारपर्यंत लोळलं की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात अशी मुलं मी कितीतरी बघितलीत. खाणं: सकाळी उपाशी जाणं हे मायग्रेनच्या मुलाला अजिबात परवडत नाही, मधल्या सुट्टीतलं खाणं परत येतंय का ते बघा. पाण्याची बाटली घरी येताना भरलेली असेल तर उत्तर तिथेच आहे, काही मुलं शाळेतल्या टॉयलेटला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कोला, एनर्जी ड्रिंक, कॉफी बंद किंवा जवळपास बंद.

आणि च्युइंगम! इस्रायलमध्ये 2014 मध्ये छापलेला एक छोटा अभ्यास आहे, रोज गम चघळणाऱ्या आणि डोकं दुखणाऱ्या 30 मुलांना महिनाभर गम बंद करायला लावला, 26 जणांना चांगलाच फरक पडला आणि 19 जणांची डोकेदुखी पूर्ण थांबली. छोटाच अभ्यास आहे, पण करून बघायला काही लागत नाही, आणि टीनएजरच्या जबड्याकडे एरवी कुणी बघतच नाही.

रोज तासभर धावपळ हवी, घाम येईल अशी. दप्तर वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास, दोन्ही खांद्यांवर. स्क्रीनवर दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं. डोळे एकदा तपासून घ्या, पण चष्मा लागला म्हणजे डोकेदुखीचं कारण सापडलंच असं धरून चालू नका.

दुखायला लागलं की काय करायचं? लवकर सांगायला शिकवा, "सहन कर थोडं" म्हणू नका. पाणी, काहीतरी खायला, अंधारी शांत खोली, कपाळावर थंड पट्टी किंवा मानेवर कोमट, ज्याला जे बरं वाटेल ते. मायग्रेन असेल तर त्या वेळी व्यायाम नाही. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं औषध असेल तर ते सुरुवातीलाच द्यायचं, दोन तास वाट बघून नाही. अॅस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीच द्यायची नाही, त्याने रेज सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. आणि साध्या पेनकिलर पण महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस असं 3 महिने चाललं तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं, आठवड्याला 2-3 दिवसांच्या वर जातंय असं दिसलं की थांबून डॉक्टरांशी बोला.

एक वही करा. तारीख, किती वाजता, किती वेळ, आदल्या रात्रीची झोप, काय खाल्लं होतं, गोळी दिली का, एवढंच. "आज दुखलं का रे?" असं मात्र रोज विचारू नका, विचारलं की दुखतंच. मूल स्वतःहून सांगेल तेव्हाच लिहायचं. आमच्या वहीत तीन आठवड्यांनी दिसलं की बहुतेक सगळ्या नोंदी संध्याकाळी 5 ते 7 मधल्या आणि त्यातही ज्या दिवशी शाळेनंतर थेट क्लास त्याच दिवशीच्या, म्हणजे दुपारी बारापासून पोटात काही नाही आणि पलंगावर बसून गृहपाठ. क्लासच्या आधी खाणं आणि पलंगाऐवजी टेबल, एवढ्या दोन गोष्टी बदलल्या, व्यायाम तर तो आठवड्यातून चारच दिवस करायचा, तेही मी स्टिकर बदलला तर.

सहा ते आठ आठवडे हे नीट करा. तरी दुखणं तसंच राहिलं, किंवा शाळा बुडायला लागली, तर तीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा.