स्टार ट्रेक की स्टार वॉर्स? भांडायचंच असेल तर नीट भांडा

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. रविवारी तास संपला तरी पोरं प्रोजेक्टर बंद करू देत नाहीत, त्यामुळे 'ट्रेक भारी की वॉर्स भारी', म्हणजे अंतराळातली अमेरिकन टीव्ही मालिका (आणि तिचे सिनेमे) की अंतराळातलीच सिनेमांची मालिका, हा सामना माझ्यासमोर कायम रंगतो. वर्ल्ड कपला आपल्याकडं गल्लीच्या एका तोंडाला मेस्सीचा आणि दुसऱ्या तोंडाला नेमारचा फ्लेक्स लागतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथं निम्म्या जणांनी समोरच्या संघाची एकही मॅच बघितलेली नसते. तुमच्या घरात किंवा हॉस्टेलवर असे दोन गट असतील आणि पंचगिरी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर पुढचं वाचा.

पहिली अट: समोरच्याचं बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आता काय दाखवायचं, यात खरी मेख आहे.

वॉर्सवाल्याला ट्रेक दाखवताना 1979 चा पहिला सिनेमा लावू नका. त्यात मुंबईची पर्सिस खंबाटा आहे, 1965 ची मिस इंडिया, भूमिकेसाठी डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेली. सगळं कबूल. पण सिनेमा इतका संथ, की पोरं मोबाईल काढून बसतात. त्यापेक्षा मूळ मालिकेतला 1967 चा 'स्पेस सीड' हा भाग लावा आणि त्याला जोडूनच 1982 चा 'द रॅथ ऑफ खान'. खलनायकाचं नाव खान नूनियन सिंग. मूळचा उत्तर भारतातला असावा असं मालिकेतच म्हटलंय, आणि काम केलंय मेक्सिकोच्या रिकार्डो मोंतालबाननं! "सर, ह्यो खान हाय का सिंग हाय?" हा प्रश्न येणारच. हसू द्या. सिनेमा सुरू झाला की त्याच खानापुढं सगळे गप्प बसतात.

ट्रेकवाल्याला वॉर्स दाखवायचं तर 1977, 1980 आणि 1983 हे तीन सिनेमे, याच क्रमानं. 'भाग एक' असं लिहिलेला सिनेमा 1999 मध्ये आला. नंबर बघून तिथून सुरुवात केली, की 1980 च्या सिनेमातला सगळ्यात मोठा धक्का आधीच फुटतो. तो कुठला, ते मी इथंही फोडणार नाही.

ट्रेकमधलं जहाज एंटरप्राइझ आणि वॉर्समधला अजस्र लढाऊ तळ डेथ स्टार समोरासमोर आले तर कोण जिंकेल, हा वाद लगेच बंद पाडा. त्याला उत्तर नाही. लेखक ज्याला जिंकवेल तो जिंकतो. विज्ञानाचे गुण मोजायला बसलात तर दोघंही काठावर पास. वॉर्समधला वैमानिक हान सोलो वेगाची बढाई मारतो, की माझ्या जहाजानं केसेलची फेरी बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे वेळेचं नव्हे, अंतराचं माप, सुमारे 3.26 प्रकाशवर्षं. ट्रेकवाले हे दाखवून टाळ्या घेतात. मग त्यांना विचारा, तुमची माणसं जहाजातून विरघळून थेट ग्रहावर कशी काय उगवतात? ती युक्ती कुठल्या प्रयोगशाळेतून नाही, बजेटातून आली. दर आठवड्याला जहाज उतरवून दाखवणं टीव्ही मालिकेला परवडणारं नव्हतं.

मग तुलना कशाची करायची? माझी पद्धत सांगतो. दोन्हीकडची एकसारखी अडचण निवडा आणि ते दोन प्रसंग पाठोपाठ लावा. वॉर्सच्या 1977 च्या सिनेमाच्या शेवटी नायक ल्यूकला एका बारक्या भोकात नेम धरायचाय. कानात गुरूचा आवाज येतो आणि तो नेम धरणारा कॉम्प्युटर चक्क बंद करतो. लगेच 1982 च्या 'रॅथ ऑफ खान'मधली तेजोमेघातली लढाई लावा. खान हुशार आहे, पण तो फक्त सपाट पातळीत विचार करतोय, हे एंटरप्राइझवरचा अधिकारी स्पॉक ओळखतो. कप्तान कर्क जहाज खाली नेतो, खानला पुढं जाऊ देतो आणि मागून वर येतो. एकीकडं आतल्या हाकेवर भरवसा, दुसरीकडं कुणीतरी निरीक्षण मांडतो आणि कप्तान ते ऐकतो. ट्रेकमध्ये कॉम्प्युटर बंद करणाऱ्याची आधी चौकशी लागली असती! हे दोन प्रसंग बघितल्यावर पोरं जहाजं विसरतात आणि परीक्षेवर येतात. एमसीक्यू फोर्सच्या (वॉर्समधल्या गूढ शक्तीच्या) भरवशावर सोडवणारे कोण, ते वर्गात सगळ्यांना माहीत असतं.

पंचाचा कल लपवत नाही, मी ट्रेकवाला. पण अंधारात मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा काय बघावं, असं कुणी विचारलं तर वॉर्सच सांगीन. जॉन विल्यम्सचं संगीत सुरू झालं की वाद कसला घालताय?

चाहत्यांची तुलना करताना कपडे आणि खेळणी बघू नका, त्यांनी काय उद्योग केले ते बघा. ट्रेकवाले पत्रं लिहिणारी जात. 1968 मध्ये त्यांनी मालिका दाखवणाऱ्या एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर पत्रांचा मारा केला, म्हणून तिसरा सीझन निघाला आणि मालिका 79 भागांपर्यंत पोचली. 1976 मध्ये पुन्हा तेच. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं (अवकाशयानाचं) ठरलेलं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' मागं पडलं आणि 'एंटरप्राइझ' लागलं. वॉर्सवाल्यांची तऱ्हा निराळी. 2001 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे 3 लाख 90 हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'जेडाय', म्हणजे वॉर्समधले फोर्स वापरणारे योद्धे, असं लिहून दिलं.

आवाज चढलाच तर हुकमाचा पत्ता टाका. वॉर्सनं 1977 मध्ये गल्ला भरला नसता, तर ट्रेक तेव्हा नव्या टीव्ही मालिकेच्या रूपात परतणार होतं. ती मालिका बाजूला ठेवून सिनेमा काढला गेला. 'रॅथ ऑफ खान'चे स्पेशल इफेक्ट्स वॉर्सचा कर्ता जॉर्ज लुकस याच्याच कंपनीतले. आणि 2009 चा ट्रेक व 2015 चा वॉर्स, दोन्हींचा दिग्दर्शक एकच, जे. जे. अब्राम्स.

शेवटची फेरी बाजू बदलून घ्या: ट्रेकवाल्यानं वॉर्सची वकिली करायची, वॉर्सवाल्यानं ट्रेकची, प्रत्येकाला पाच मिनिटं. ज्याला समोरच्याचे तीन धड मुद्दे मांडता आले नाहीत, त्या दिवशीच्या भडंगाचे आणि चहाचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे. उधारी चालत नाही.