भात खाचरातला मिथेन कमी करायचा, पण उतारा न घटवता

मावळ, मुळशी, भोरकडच्या इंद्रायणी भात लावणाऱ्यांसाठी लिहितोय. खाचरात सतत पाणी तुंबलं की मातीला हवा मिळत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन हा हवामान तापवणारा वायू सोडतात, म्हणून मधेमधे पाणी आटू द्यायचं, बस एवढंच.

30 सेंमी लांब पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, तो भाग चिखलात गाडा आणि आतली माती काढून टाका. लावणीनंतर दोनेक आठवडे पाणी ठेवा, मग आटू द्या, पाइपात पाणी जमिनीखाली 15 सेंमी गेलं की परत 5 सेंमी भरा. जुलैच्या धो धो पावसात हे जमत नाही, तेव्हा बांधाची तोंडं मोकळी ठेवा आणि उघडीप मिळाली की सुरू करा. पण पोटरी (कणीस पोटात असताना) ते फुलोरा पाणी अजिबात तोडू नका प्लीज, दाणा पोचट राहतो आणि उतारा (उत्पादन) तिथेच जातो!

युरिया फेकू नका, ओलं-सुकं होताना नत्र उडून नायट्रस ऑक्साइड बनतो, तोही हवामान तापवणारा वायू. त्यापेक्षा युरिया-डीएपी ब्रिकेट (खताच्या दाबून केलेल्या गोळ्या) चार चुडांच्या (रोपांच्या ठोंबांच्या) मधे 7-10 सेंमी खोल खोचा, मजुरी लागते पण वर्थ आहे. ताजा पेंढा चिखलणीत गाडू नका, आधी कुजवा.