किनारा मोजायचा तर आधी खूण पक्की करा

गोव्यातील किनाऱ्याची स्वयंसेवी पाहणी करू इच्छिणाऱ्या गटाने पहिले वर्ष रोपे लावण्यात न घालवता मोजमापात घालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जून ते सप्टेंबरच्या दरम्यान पावसाळी लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात आणि ऑक्टोबरनंतर निवळलेला समुद्र ती हळूहळू परत आणून टाकतो; त्यामुळे ऑगस्टमध्ये खचलेला किनारा पाहून हवालदिल होणे जितके चुकीचे, तितकेच फेब्रुवारीतील रुंद पुळण पाहून निर्धास्त होणेही चुकीचे. तुलना करायची ती या मेची गेल्या मेशी.

मोजणीसाठी सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली पद्धत पुरेशी आहे. वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या आणि त्यांच्यातील अंतर कायम राखण्यासाठी दोन मीटरची दोरी घ्यावी. प्रारंभाची खूण वाळूच्या टेकडीमागे, चिऱ्याच्या गडग्यावर किंवा विहिरीच्या कठड्यावर करावी; शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरील हंगामी खानावळीच्या, खांबावर मुळीच नको, कारण तो पावसाळ्यापूर्वी निघतो. उतार समुद्राकडे असेल तर मागच्या, म्हणजे जमिनीकडील, काठीजवळ उभे राहून पुढच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणावे, आणि ती रेषा मागच्या काठीला जिथे छेदते तो आकडा, म्हणजे तेवढ्या अंतरातील उतार, वहीत लिहावा. चढ असल्यास मागच्या काठीचे टोक क्षितिजाशी जुळवून पुढच्या काठीवरील आकडा घ्यावा. असे ओहोटीच्या पाण्यापर्यंत दोरीदोरीने जावे. हे काम सकाळी करावे, कारण आपले क्षितिज पश्चिमेला असल्याने संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांवर येते. दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेजवळचा निवडावा, आणि त्याच खुणेवरून दर वेळी एक छायाचित्र घ्यावे.

उताराच्या जोडीला मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) आणि रावणाच्या मिशा (वाळूतले काटेरी गवत) समुद्राच्या बाजूला कुठपर्यंत पोहोचल्या आहेत, पायवाटांनी टेकडी कुठे फुटली आहे आणि डांबरगोळे, म्हणजे समुद्रातून वाहून येणारे तेलाचे चिकट गोळे, आले आहेत का, याचीही नोंद हवी. वाळू पूर्वी कुठे साचत असे, हे गावातील रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारावे. त्यांची स्मरणशक्ती आपल्या वहीपेक्षा जुनी असते.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. हिवाळ्यात तेथे वाळूवर कासवाच्या सरपटण्याची खूण दिसल्यास ती न पुसता, घरटे न उकरता आणि विजेरी न लावता वनखात्याच्या रक्षकाला कळवावे. अंडी हलवणे हे स्वयंसेवकाचे काम नव्हे. कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

वाळूच्या टेकड्यांच्या पुनर्स्थापनेचे काम पंचायत आणि संबंधित खात्यांची परवानगी घेऊनच सुरू करावे, कारण या टेकड्या किनारी नियमन क्षेत्राच्या कडक तरतुदींखाली येतात. सुरूची रांग लावण्याचा मोह टाळावा. तिच्या गळलेल्या काड्यांच्या थराखाली स्थानिक वेली वाढत नाहीत. फुटलेली पायवाट बंद करून नारळाची चुडते वाऱ्याला आडवी, अर्धी पुरून उभी केली की त्यांच्या आडोशाला वाळू थांबू लागते, आणि मगच मर्यादवेलीचे पेरांसह कापलेले तुकडे ओलसर वाळूत पुरावेत. चुडते बुडाली की वर दुसरी ओळ उभी करावी आणि त्या दिवशीची वाळूची उंची वहीत घालावी.