नवा थर्मोस्टॅट बसवला, पण फ्रीज थांबेचना

मे महिना, आर्वीकडचं आमचं गाव, पारा ४५ च्या आसपास. जुन्या एकदारी फ्रीजचा थर्मोस्टॅट, म्हणजे पुरेशी थंडी झाली की कम्प्रेसर बंद करणारा स्विच, मेकॅनिक बदलून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणते, "हा तं रातभर बंदच नाही झाला रे बाबू!" फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ, आणि खालच्या कप्प्यातली सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी कडक. मेकॅनिकला फोन केला तर, "नवीन आहे भाऊ, सेट व्हाले वेळ लागते." थर्मोस्टॅट काय नवी चप्पल आहे सेट व्हायला?

गॅस कमी असता तर एवढा बर्फ जमलाच नसता. दाराचं रबरही ठीक होतं. बटण १ वर आणलं, तरी कम्प्रेसर चालूच. शून्यावर नेलं की मात्र 'टक्' करून बंद. म्हणजे आतला स्विच चांगला, त्याला थंडीच कळत नव्हती.

प्लग काढून बल्बचा डबा उघडला. थर्मोस्टॅटची थंडी ओळखणारी बारीक नळी तिथेच गुंडाळून कोंबलेली! तिचं टोक फ्रीजरच्या पत्र्याला चिकटून पाहिजे. तो पत्रा शून्य अंशाच्या बराच खाली गेला की स्विच बंद होतो. कप्प्यातली हवा तेवढी गार होणार कधी?

बर्फ वितळू दिला. (सुरीने खरवडू नका, पत्र्याला भोक पडलं की गॅस गेला.) नळी हळूच सरळ केली, कारण मुडपली तर नवा थर्मोस्टॅटही बाद. टोक पत्र्याला टेकवून क्लिपने आवळलं. क्लिपचा स्क्रू डब्यातच पडलेला सापडला.

रात्री साडेनऊला 'टक्' ऐकू आलं. आई खाटेवरून ओरडली, "बंद झाला, पाह्य!"